फाटली, यार!

व्हायवाच्या दिवशी आपल्या हॉस्टेलमध्ये एकच क्रियापद चालतं. (स्टाफने ते शीर्षकात वाचलंच आहे, माफी असावी.) एक्स्टर्नलने नाव विचारलं तरी फाटते, वर्कशॉपमध्ये लेथ सुरू करताना फाटते, घरी केटी लागल्याचं सांगायचं तरी फाटतेच. पण या भीती एक नाहीत, आणि मराठीत त्यांना वेगवेगळे शब्द आहेत.

इंग्रजीत 'ब्लेंच' असा एक जुना शब्द आहे. मूळ अर्थ फसवणं. मग भीतीने मागे सरणं, अंग चोरणं. हॅम्लेट नाटकाच्या खेळात काकाकडे बघत बसतो, ते तो ब्लेंच होतो का हे पाहायलाच. पुढे पांढरं पडणं या अर्थाच्या 'ब्लांच'शी त्याची सरमिसळ झाली. म्हणजे एकाच शब्दात सगळा कारभार!

आपल्याकडे तसं नाही. मोल्सवर्थचा कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) उघडून बघा. माझा उल्हासनगरचा सिंधी रूममेट एकदा म्हणाला, "दचकला आणि बिचकला, फरक काय रे?" फरक मोठा आहे. दचकणं अचानकचं, क्षणात संपतं. बिचकणं अनोळखीपणाचं, लेथवर हात बसला की जातं. कचरणं म्हणजे काय करायचं ते कळूनही पाऊल न उचलणं. केटीचं घरी सांगायला आपण कचरतो, तिथे प्रॅक्टिस कामाची नाही. बुजतो तो बैल, नाहीतर नवखा माणूस. (खड्डासुद्धा बुजतो म्हणतात. आमच्या रस्त्यावर अजून उदाहरण सापडलेलं नाही.)

आणि धसका? तो उल्हास नदीकाठच्या बदलापूरकरांना विचारा. २६ जुलै २००५ चा पूर, मग २७ जुलै २०१९, जेव्हा वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. अजूनही रात्रभर पाऊस लागला की झोप उडणारी माणसं तिथे आहेत.

फर्स्ट इयरचा एखादा पोरगा जेवत नाही, लेक्चरला येत नाही. आपण विचारतो, "काय रे, फाटली?" तो हसतो, "हो यार," म्हणतो आणि विषय संपतो. मला खटकतं ते हेच. बिचकला असेल तर सीनियरने चार दिवस लेथपाशी उभं राहावं, पुरे. पण धसका घेतला असेल तर त्याच रात्री रेक्टर सरांचं दार वाजवा. सर दचकतील, दचकू देत.