श्वास नको, तास मोजा!

हल्ली कंपन्यांमध्ये 'स्ट्रेस मॅनेजमेंट'च्या सेशनचं पेव फुटलंय. डोळे मिटा, खोल श्वास घ्या, दहापर्यंत मोजा, सकारात्मक विचार करा. सेशन संपलं की लोक लॅपटॉप उघडतात आणि बुडालेला तो तास भरून काढायला रात्री उशिरापर्यंत बसतात.

योग-ध्यानाला विरोध नाही. अवश्य करावं. पण तिघांचं काम एकाच्या डोक्यावर टाकायचं, रविवारी व्हॉट्सॲपवर 'अर्जंट' धाडायचं आणि माणूस कोलमडला की त्यालाच प्राणायाम शिकवायचा, याला आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये सांगितलं की आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्के जास्त असतो. हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्के जास्त. यात तुमचे विचार सकारात्मक होते की नकारात्मक, हे कुणी विचारलेलं नाही. तास मोजलेत, तास!

आपल्याकडे तास मोजायचा कायदा नाही का? आहे की. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा. आठवड्याला ४८ तास, वर काम घेतलं तर दुप्पट पैसे. पण व्यवस्थापकीय पदं त्यातून वगळलीत. २५ वर्षांच्या पोराच्या हुद्द्यात 'मॅनेजर' कुठून येतो, आलं लक्षात? नाव मॅनेजर, पण कुणाची अर्ध्या दिवसाची रजा मंजूर करायचा अधिकार नाही.

२०२४ मध्ये पुण्यात नोकरीला लागून चार महिन्यांत गेलेल्या एका तरुण सीएच्या आईचं पत्र देशभर वाचलं गेलं. कामाच्या ओझ्याने मुलगी गेली, असं आईचं म्हणणं. कंपनीने ते नाकारलं. मग कामगार खात्याने तपासणी केली, तेव्हा त्या ऑफिसची या कायद्याखाली नोंदणीच नसल्याचं समोर आलं. वर्षानुवर्षं ऑफिस चालू आणि सरकारदरबारी त्याचा पत्ताच नाही! मग तास मोजणार कोण?

आणि यावर सरकारचा उपाय काय? सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने दुकानं-आस्थापनांत ९ चे १० तास आणि कारखान्यांत ९ चे १२ तास करायला मंजुरी दिली. म्हणे कामगाराची लेखी संमती घेणार. अहो, ज्याच्या डोक्यावर घराचा हप्ता आहे त्याच्या संमतीला काय अर्थ? साहेबाने कागद पुढे केला की सही होते.

१८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र केलं. मागण्या काय होत्या? रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम. १८९० मध्ये रविवार मिळाला. लोखंड्यांनी कामगारांना 'मन शांत ठेवा' असं सांगितलं असतं, तर आज आपल्याला रविवार दिसला नसता. आणि आज आठवड्याला ७० तास, ९० तास काम करा म्हणणाऱ्या उद्योगपतींना आपणच टाळ्या वाजवतो.

मागण्या साध्या आहेत. येण्याची वेळ लिहिता, तशी जाण्याची वेळही लिहा; घरून रात्री केलेलं कामही त्यात धरा. जास्तीच्या तासांचे दुप्पट पैसे पगाराच्या स्लिपवर दिसू द्या. माणूस सोडून गेला तर त्याच्या जागी माणूस घ्या, त्याचं काम उरलेल्यांत वाटू नका. आणि कामगार खात्याने कुणाची आई पत्र लिहायची वाट न बघता तपासणीला जावं.

पुढच्या सेशनमध्ये 'काही प्रश्न?' असं विचारतील, तेव्हा एवढंच विचारा: गेल्या महिन्यात आमचे तास किती भरले आणि त्यातल्या किती तासांचे पैसे मिळाले? बघा, कुणाचा श्वास अडकतो ते.