पॉपकॉर्न फुलवा मिठात, तेलाशिवाय!

लखनौला गेलात, तर चारबाग स्टेशनवर उतरल्यावर शहरात भाड कुठे आहे ते जरूर विचारा. भाड म्हणजे भडभुंज्याची भट्टी. तो तापलेल्या वाळूत मक्याचे दाणे टाकतो आणि तेलाच्या थेंबाशिवाय फुलवतो. आपल्याकडे नागपंचमीच्या ज्वारीच्या लाह्याही भट्टीवर अशाच फुटतात.

घरी वाळूऐवजी जाडे मीठ वापरा. लोखंडी कढईत 2 वाट्या मीठ मध्यम आचेवर 5 मिनिटे तापवा. पॉपकॉर्नचे मूठभर दाणे घालून ढवळा. पहिला दाणा फुटताच झाकण ठेवा, कढई हलवत राहा. आवाज मंदावला की चाळून घ्या. उरलेले मीठ पुढच्या वेळी याच कामाला येईल.

दाणे फुटत नाहीत? ते सुकले असतील. दाण्यातल्या सुमारे 14 टक्के ओलाव्याची वाफ होते, तीच साल फोडते. वाटीभर दाण्यांना 1 चमचा पाणी चोळा आणि घट्ट बरणीत 2-3 दिवस ठेवा.

मात्र सांभाळा! तापलेले मीठ तेलासारखेच भाजते, म्हणून मुलांना गॅसपासून लांब ठेवा. नॉनस्टिक भांडे वापरू नका. आणि 4 वर्षांखालील मुलांना पॉपकॉर्न देऊच नका, ते घशात अडकू शकते.