नवोदयच्या अर्जाला काय जोडावं?

चित्रकला, अबॅकस, कराटेची प्रमाणपत्रं नवोदयच्या अर्जाला जोडायची का, हा कामतघरातल्या यंत्रमाग कामगार पालकांचा प्रश्न. जोडू नका. सहावीची निवड 80 प्रश्नांच्या, दोन तासांच्या परीक्षेवरच होते. मुख्याध्यापकांच्या सहीचं प्रमाणपत्र तेवढं अचूक भरा. किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. शहरातल्या आपल्या लेकरांची स्पर्धा त्यामुळे आधीच कठीण. म्हणून अबॅकसच्या फीऐवजी जुन्या प्रश्नपत्रिका घ्या; निम्मे प्रश्न बुद्धिमत्तेचे असतात आणि ते सरावानंच जमतात.

अल्पसंख्याक संस्था वगळता कुठल्या खासगी शाळेनं आठवीपर्यंतच्या प्रवेशासाठी मुलाची चाचणी किंवा तुमची मुलाखत मागितली, तर मात्र गप्प बसू नका. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 13 दाखवा. पहिल्याच उल्लंघनाला 25 हजारांपर्यंत दंड आहे.