विद्येचा खर्च कोणाच्या खात्यावर?

विलायतेंतील पदवीचा मान आपल्या घरांतून अद्याप मोठा आहे. परंतु त्या पदवीचे पैसे तेथें कोण भरतो, याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. परवां एक स्नेही म्हणाले, “जर्मन सरकार उदार, म्हणून तेथें विद्या फुकट, इंग्रज कंजूष, म्हणून तो फी घेतो.” विधान सुटसुटीत आहे खरें, पण हिशेबास टिकत नाहीं.

इंग्लंडांतहि १९९८ पर्यंत तद्देशीय विद्यार्थ्यास विद्यापीठाची फी पडत नसे. १९६२ च्या कायद्यान्वयें स्थानिक सरकारी संस्था ती भरीत, शिवाय घरची प्राप्ति पाहून निर्वाहवेतनहि देत. १९९८ सालीं वर्षास १,००० पौंडांपर्यंत फी बसली. २००६ सालीं तिची मर्यादा ३,००० झाली, २०१२ सालीं ९,००० व २०२५ सालीं ९,५३५. शेजारच्या स्कॉटलंडांत मात्र तेथील मुलांना तेथल्याच विद्यापीठांत फी नाहीं.

आतां गंमत अशी कीं, इंग्लंडांतील बहुतेक विद्यार्थी ही फी रोख देत नाहींत. सरकार ती विद्यापीठास देतें व विद्यार्थ्याच्या नांवें कर्ज मांडतें. २०२३ च्या शरदांत व त्यानंतर शिकूं लागलेल्यांस वार्षिक २५,००० पौंडांवरील प्राप्तीच्या शेंकडा ९ प्रमाणें तें फेडावयाचें असतें, आणि चाळीस वर्षांत जें फिटलें नाहीं तें माफ. म्हणजे कर्जाच्या वहींतील बराचसा भाग वस्तुतः सरकारी खर्चच; पण तो खर्चाच्या बाजूस कित्येक वर्षें दिसत नसे. अखेर डिसेंबर २०१८ मध्यें तेथील सांख्यिकी कार्यालयानें ठरविलें कीं, जी रक्कम परत येण्याची आशा नाहीं ती कर्ज देतांनाच खर्चीं टाकावी. विद्यार्थी तेच, पैसा तोच. सरकारची तूट मात्र कागदावर अब्जावधी पौंडांनीं वाढली! तेव्हां दोन देशांचे आंकडे शेजारीं मांडणाऱ्यानें आधीं वही कशी लिहिली आहे हें पाहिलें पाहिजे.

जर्मनींतील विद्यापीठें मुख्यतः सोळा घटक राज्यांच्या खर्चानें चालतात. २००५ सालीं घटनान्यायालयानें फीवरील मध्यवर्ती बंदी रद्द ठरविली, तेव्हां सात राज्यांनीं सत्रास सुमारें ५०० युरो फी लाविलीही होती. लोकांचा रोष इतका झाला कीं, एकामागून एक राज्यानें ती काढली. शेवटचें लोअर सॅक्सनी, २०१४ सालीं. गरजू विद्यार्थ्यास मिळणारें साहाय्य निम्मे अनुदान व निम्मे बिनव्याजी कर्ज असे असून, परतफेड १०,०१० युरोंहून अधिक करावी लागत नाहीं.

दर विद्यार्थ्यामागें होणारा एकूण खर्च पाहिला तर तो ब्रिटनमध्यें कमी नाहीं, उलट अधिकच आहे. फरक आहे तो सरकारच्या प्रत्यक्ष वांट्यांत: जर्मनींत पांचांपैकीं चार हिश्श्यांहून अधिक, ब्रिटनमध्यें निम्म्याहूनहि कमी. मला स्वतःला जर्मनांची रीत आवडते. चाळीस वर्षांचें ऋण डोक्यावर घेऊन संसार मांडणें कोणास रुचेल? तथापि तिच्यांत एक अन्याय आहे. तेथील पुष्कळ तरुण विद्यापीठांत न जातां कारखान्यांत उमेदवारी करितात. तोच सुतार पुढें ‘मायस्टर’ होऊं म्हणेल तर त्या शिक्षणाचे पैसे त्यास पडतात (१९९६ पासून त्यालाहि सरकारी मदत मिळते). आणि डॉक्टरच्या मुलाची विद्यापीठाची पदवी मात्र त्या सुताराच्याहि करांतून होते.

उपर्युक्त स्नेह्यांच्या कन्येचा अर्ज श्टुटगार्टला जावयाचा आहे. तें ज्या राज्यांत आहे, त्या बाडेन-वुर्टेंबर्गनें २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या बहुतेक विद्यार्थ्यांस सत्रास १,५०० युरो फी लाविली आहे. शिवाय प्रवेशपरवान्यासाठीं निर्वाहाची रक्कम बंद खात्यांत ठेवून दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती वर्षाची ११,९०४ युरो झाली. हें सांगतांच स्नेही उदारपणाची गोष्ट विसरले, आणि पाकिटाच्या पाठीवर चार सत्रांचा गुणाकार करूं लागले.