अमेरिकेतल्या मराठी घरमालकांनो, अर्ज स्वतः वाचा

बोस्टनमध्ये बहुतेक भाडेकरार 1 सप्टेंबरला सुरू होतात. त्याआधीच्या काही आठवड्यांत अर्ज भाडेकरूंची तपासणी करणाऱ्या कंपन्यांकडे जातात आणि त्यातले काही एका आकड्यावर नाकारले जातात. तुम्ही घर भाड्याने देत असाल, तर ही विनंती तुम्हालाच आहे.

मॅसॅच्युसेट्समधल्या एका कृष्णवर्णीय महिलेची गोष्ट बघा. तिच्याकडे घरभाड्याचं सरकारी व्हाउचर होतं, म्हणजे भाड्याचा मोठा हिस्सा सरकारकडून थेट मालकाला मिळणार होता. वर्षानुवर्षं वेळेवर भाडं भरल्याची शिफारसपत्रंही तिने दिली. सेफरेंट या तपासणी कंपनीच्या प्रणालीने तिला 324 गुण दिले. हवे होते 443. तिने दाद मागितली, तर इमारतीच्या व्यवस्थापनाचं उत्तर आलं की तपासणीचा निकाल आम्हाला बदलता येत नाही. शिफारसपत्रांचा काहीच उपयोग झाला नाही! 2022 मध्ये सेफरेंटविरुद्ध खटला दाखल झाला. हा स्कोअर व्हाउचर जमेस धरत नाही आणि कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक अर्जदारांना मागे टाकतो, असा दावा होता. कंपनीने दोष मान्य केला नाही, पण 2024 मध्ये सुमारे 22 लाख 75 हजार डॉलरची तडजोड झाली.

तपासणी कंपन्यांच्या अहवालांत चुकाही होतात. नावसाधर्म्यामुळे दुसऱ्याच कुणाचा गुन्हा अर्जदाराच्या नावावर चढतो. घर रिकामं करण्याचा दावा कोर्टाने फेटाळलेला असला, तरी त्याची नोंद मागे लागते. आणि भारतातून नुकत्याच आलेल्या मुलाची तर क्रेडिट हिस्टरीच नसते. तुमच्यातल्या कितीतरी जणांचीही नव्हती. कुणीतरी भरवसा ठेवला म्हणून पहिलं घर मिळालं.

म्हणून नुसत्या आकड्यावर नकार देऊ नका. पूर्ण अहवाल मागवा, आधीच्या घरमालकाला फोन करा, अर्जदाराला खुलासा करायला चार दिवस द्या आणि तोवर घर दुसऱ्याला देऊ नका. सॉफ्टवेअरकडे बोट दाखवून घर देताना भेदभावाला मनाई करणाऱ्या 1968 च्या फेअर हाउसिंग कायद्यातून सुटका होईल, असं समजू नका.

भाडेकरूंनो, तुम्हीही गप्प बसू नका. अहवालामुळे नकार मिळाला, तर तो कोणत्या कंपनीचा हे घरमालकाने कळवायलाच हवं. 60 दिवसांत मागितल्यास प्रत फुकट मिळते. चूक दिसली की लेखी हरकत घ्या. कंपनीला साधारण 30 दिवसांत चौकशी करावी लागते. घर मात्र तेवढे दिवस थांबत नाही, म्हणून नकार आला त्याच दिवशी अहवाल मागवा, चूक दिसताच हरकतीचं पत्र पाठवा आणि त्याची एक प्रत घरमालकालाही द्या.