पदवीची किंमत, पदवीची अट

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८६२ साली तेथून जे पहिले मोजके तरुण बी. ए. होऊन बाहेर पडले, त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते; त्या काळी पदवीधर इतके विरळ होते, की नावापुढची दोन अक्षरेच पुरेशी ओळख ठरत. २०२३ साली महाराष्ट्रात तलाठ्यांच्या सुमारे साडेचार हजार जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले आणि त्या पदासाठी किमान पात्रता पदवी हीच होती.

या दोन टोकांमधील अंतर समजून घेण्यास अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली मांडलेला संकेत-सिद्धान्त उपयोगी पडतो. उमेदवाराची कुवत मालकाला आधी दिसत नाही, म्हणून कष्टाने मिळणारी पदवी तो त्या कुवतीची खूण मानतो, असे हा सिद्धान्त सांगतो. ही खूण ज्याच्या त्याच्या हाती आली, की मालक त्याहून वरची खूण मागू लागतो आणि बारावीच्या मुलाला सहज जमणाऱ्या कामासाठी पदवीधर, तर पदवीधराच्या कामासाठी पदव्युत्तर उमेदवार हवा असतो. चलनफुगवट्यासारखाच हा पदवीफुगवटा होय.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या भारतविषयक अहवालानुसार २०२२ साली पदवीधर तरुणांतील बेरोजगारी २९.१ टक्के, तर निरक्षर तरुणांतील अवघी ३.४ टक्के होती. शिक्षणाने माणूस बेकार होतो, असा याचा अर्थ लावणे चूक आहे. निरक्षराला बेकार राहणे परवडतच नाही, तो मिळेल त्या मजुरीवर उभा राहतो; पदवीधर मात्र पदवीला साजेशा कामाची वाट पाहतो, आणि ती वाट पुण्यातल्या पेठांमधील अभ्यासिकांत, घरून येणाऱ्या पैशांवर, कित्येकदा वयाच्या तिशीपर्यंत लांबते. या वर्षांचा हिशेब कोणत्याच गुणपत्रिकेत नसतो.

तरीही पदवी निरुपयोगी झाली, हे विधान मान्य करता येत नाही. ज्या घरात तीन पिढ्या शिकलेल्या आहेत तेथे ते सहज उच्चारले जाते. ऊसतोड कामगाराच्या मुलीसाठी मात्र महाविद्यालयाची तीन वर्षे म्हणजे लवकर ठरणारे लग्न लांबणे आणि स्वतःच्या नावाने अर्ज भरण्याचा हक्क मिळणे असते. दोष पदवी घेणाऱ्यांचा नाही. दोष आहे तो हाताला काम न शिकवणाऱ्या अभ्यासक्रमांचा आणि शिकलेल्यांना सामावून न घेणाऱ्या रोजगाराचा. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ‘कमवा आणि शिका’ हे सूत्र प्रत्यक्षात आणून श्रम आणि विद्या यांची सांगड घातली होती. पदवीच्या वर्षांतच पगारी उमेदवारी देण्याची आजची कल्पना त्याच वाटेवरची आहे आणि ती कागदावर राहू नये.

या अंकाच्या वाचकांत कारखानदार आहेत, दुकानदार आहेत, संस्थाचालकही आहेत. त्यांनी येत्या वर्षी भरतीची जाहिरात काढताना, ज्या कामाला पदवी लागत नाही तेथून पदवीची अट काढून टाकावी आणि उमेदवाराला ते काम करून दाखवण्याची संधी द्यावी.