गोताची साक्ष आणि गटाचे गुण

अंतिम वर्षाच्या प्रकल्पाचे गुण गटातील चौघांनाही सरसकट द्यावेत, कोणी किती काम केले याविषयी सहाध्यायांची साक्ष घेऊ नये, असा आग्रह आमच्या कोरेगाव-साताऱ्याकडील कित्येक अध्यापक व पालक धरतात. त्यांचा सद्भाव मी जाणतो. त्यांचा पक्ष मला मान्य नाही.

मित्राने मित्राचे माप काढणे ही परकी रीत असून तिचे पर्यवसान चुगलखोरीत होईल, असे ते म्हणतात. ज्या मुलखात पूर्वी वतनाचे तंटे गावकऱ्या-वतनदारांच्या गोतसभेपुढे चालत, वादी-प्रतिवादी निवाडा पाळण्याचा राजीनामा आधी लिहून देत, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या साक्षी नोंदल्या जात आणि मगच महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, होई, त्या मुलखातील माणसाने सहवाशांची साक्ष परकी मानावी, याचे मला नवल वाटते. बांध कोणी कोरला हे लगतच्या शेतकऱ्यास ठाऊक असते. तद्वत् सर्किट कोणी जुळवले आणि अहवालावर नुसते नाव कोणी चढवले, हे घटकाभर तोंडी परीक्षा घेणाऱ्या परीक्षकापेक्षा गटातील सोबत्यांनाच अधिक ठाऊक असते. शिवाय अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत 2014 साली पूर्ण सदस्य झाला. त्या करारात भारताचे प्रतिनिधित्व करणारे राष्ट्रीय मान्यता मंडळ (एनबीए) ज्या वैयक्तिक व सांघिक कार्यक्षमतेची प्रत्येक पदवीधराकडून अपेक्षा करते, ती चौघांची एकत्र मोजावी तरी कशी?

संगनमताने सारे एकमेकांना पूर्ण गुण देतील, हा आक्षेप ढिसाळ अंमलबजावणीस लागू पडतो. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाची सहाध्यायी-मूल्यांकनाची कॅटमी पद्धती नुसती आवडनिवड विचारीत नाही. कामातील वाटा, सहकाऱ्यांशी वागणूक, गटास मार्गावर ठेवणे, दर्जाचा आग्रह आणि आवश्यक ज्ञान-कौशल्य या पाच बाबींत अंकांसमोर त्यांना साजेसे वर्तन शब्दांत लिहिलेले असते. गटात तट पडल्याचे दिसल्यास अध्यापकास इशाराही मिळतो. अशा अंकांवरून गुण काढण्याचा हिशेब साधा आहे. पन्नासपैकी 40 गुण मिळवणाऱ्या गटात सोबत्यांनी दिलेल्या अंकांची सरासरी 4.5, 4.5, 4 आणि 3 असेल, तर गटाची सरासरी 4 येते व त्या प्रमाणात चौथ्याचे गुण 30 होतात.

एक आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो. वसतिगृहातील तिघे रात्री अकराला कामास बसतात, तेव्हा कोरेगावचा चौथा शेवटच्या एसटीने घरी पोहोचलेला असतो, किंवा अंधारापूर्वी परतणे जिला भाग आहे अशी एखादी मुलगी घरी बसून अवघा अहवाल लिहीत असते. त्यांच्या गैरहजेरीस आळस समजून अंक कापले जातील. हा अन्याय खरोखर घडू शकतो. परंतु सरसकट गुणांनी तो केवळ झाकला जातो, कारण त्या मुलीच्या श्रमाची नोंद तेव्हाही कोणत्याच कागदावर होत नाही. म्हणून गटाने कामाची वाटणी व भेटीच्या वेळा आरंभीच लेखी ठरवाव्यात, जुन्या राजीनाम्याप्रमाणे चौघांनी त्याखाली सह्या कराव्यात, सत्राच्या मध्यास साक्षीची एक फेरी गुणांविना घ्यावी, आणि ज्यास कमी अंक पडले त्याची कैफियत अध्यापकाने स्वतः ऐकावी. या ऐकण्यास एका गटामागे पंधरा मिनिटे पुरतात. सातव्या-आठव्या आठवड्यातच ती मिनिटे काढली, तर भेटीची वेळ रात्री अकरावरून दुपारी तीनवर आणण्यास अवधी उरतो.